वाढ आढळली नाही

बारकीने भरलेली बस भर रस्त्यात उभी केली, हे मला तिच्या तोंडून कळलं नाही. रक्त तपासायला आलेल्या एका गृहस्थांनी सांगितलं. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधत होते आणि ते आपल्याला उशीर का झाला याची कहाणी ऐकवत होते. ड्रायव्हरबाईंनी म्हणे मध्येच इंजिन बंद केलं, खाली उतरल्या, समोरच्या हॉटेलात घुसल्या आणि बाहेर यायचं नावच घेईनात. लोक ओरडायला लागले, एकाने मोबाइलवर शूटिंग केलं. "काय एकेक नमुने भरती करतात हल्ली," असं म्हणून ते हसले. मी सुई जरा जास्तच जोरात टोचली असणार, कारण ते कळवळले. आमच्या डेपोत बस चालवणारी बाई एकच, आणि ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

आणि राग मला त्यांचा नव्हता आला. बारकीचा आला होता. घरातलं खूळ आता हिने चव्हाट्यावर आणलं, असं वाटून माझं डोकं फिरलं होतं. माझं डोकं फिरायला तसं फार लागत नाही. नवरा म्हणतो, हिच्याशी बोलायचं तर आधी दार उघडं ठेवावं, पळता येतं.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमची लॅब लहान, त्यामुळे रक्त काढण्यापासून सगळंच करावं लागतं, पण माझं मुख्य काम लघवीच्या कल्चरचं. थेंबभर लघवी प्लेटवर ओढायची, प्लेट उबदार कपाटात ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यावर जंतूंचे ठिपके उगवलेत का ते बघायचं. ठिपके एका ठरलेल्या आकड्याच्या वर गेले, आणि एकाच जातीचे असले, तर इन्फेक्शन. आकड्याच्या खाली राहिले किंवा दोन-तीन जातींची सरमिसळ दिसली, तर नमुना घेताना बाहेरची घाण मिसळली असं धरायचं, प्लेट कचऱ्यात टाकायची आणि रिपोर्टवर एकच वाक्य लिहायचं: वाढ आढळली नाही. लिहायचं तरी कुठे, आमच्या कॉम्प्युटरवर त्या वाक्याला एक वेगळं बटण आहे. मला ते न बघता सापडतं.

खरं म्हणजे वाढ असते. थोडी असते, मिसळलेली असते, पण असते. पण तसं लिहिलं की डॉक्टर फोन करून विचारतात, म्हणजे नेमकं काय? औषध देऊ की नको? त्या कटकटीपेक्षा आधीच्या साहेबांनी ही पद्धत पाडली, मग मॅडम आल्या, त्यांनीही तीच ठेवली. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या मुख्य डॉक्टर. मलाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आकडा म्हणजे आकडा, त्यात रडगाण्याला जागा नाही, हे मला आवडायचंच.

बारकीचं रडगाणं मात्र काही वर्षांपासून चालू होतं. लघवीला जळजळ, ओटीपोटात कळ, सारखी घाई, वर अंगात जीव नाही. डॉक्टर थोड्या दिवसांच्या गोळ्या द्यायचे, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, गोळ्या संपल्या की पहिले पाढे. दर वेळी कल्चर माझ्याकडेच. कोणाची बहीण डबा पाठवते, माझी डबी पाठवायची. ती यायची ड्यूटी संपवून. बस चालवणारी बाई दिवसभर पाण्याला शिवत नाही, कारण जायचं कुठे? त्यामुळे लॅबमध्ये आली की तिला व्हायचंच नाही, आणि मला घरी जायची घाई. मग मी तिला बाटलीभर पाणी प्यायला लावायची, वर आणखी एक बाटली, तिथेच उभी राहून, "आटप गं" म्हणत. मग व्हायची, नळाच्या पाण्यासारखी. "बघ, कशी स्वच्छ आहे," मी म्हणायची. दुसऱ्या दिवशी प्लेटवर इकडेतिकडे विरळ ठिपके दिसायचे आणि मी बटण दाबायची.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मोठ्या बहिणीला फुकटचा सल्ला दिल्याशिवाय घास गिळत नाही. मी तिला सांगायची, मनाचे खेळ आहेत तुझ्या. कामात लक्ष घाल. नाही तर काम सोड. जगात कोणाला काही होत नाही आणि तुलाच कसं सगळं होतं? ती आधी वाद घालायची, मग घालेनाशी झाली. मला वाटलं, पटलं असेल.

पटलं नव्हतं. तिने दुसरीकडे कान शोधले होते. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, सगळे त्यांना हेडबाई म्हणतात. त्यांचं स्वतःचं हेच दुखणं, म्हणे अर्धं आयुष्य त्यात गेलं. त्यांनी अशा बायकांचा एक गट जमवला होता. वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमायच्या, एकमेकींना काय लागू पडलं ते सांगायच्या, आणि खुर्च्या दाराजवळ ठेवायच्या, कारण कोणाला कधी उठावं लागेल याचा नेम नाही. त्या गटाने आमच्या हॉस्पिटलकडे अर्ज केला की आमच्याशी बोला. मागणी साधी होती. त्रास वर्षानुवर्षं असेल तर नुसत्या आकड्यावर जाऊ नका. ताजी लघवी सूक्ष्मदर्शकाखाली बघा. थोडंफार जे उगवलं असेल ते रिपोर्टवर लिहा. आणि आठवड्यातून एकदा तरी या बायकांना वेळ देईल असा एक डॉक्टर बसवा.

बस उभी करण्याचा प्रकार झाला आणि थोड्याच दिवसांत ही मीटिंग लागली. मॅडमनी मला शेजारी बसायला सांगितलं, कोणी मशीनबिशीनचं विचारलं तर असावं म्हणून. टेबलाच्या आमच्या बाजूला मोठे डॉक्टर होते. ते आमच्याकडे पेशंट बघतात आणि बस डेपोचे डॉक्टर म्हणूनही काम करतात. बारकीची चौकशी डेपोत त्यांच्याच हाती होती. आजारपण खरं निघालं तर तिला माफ होणार होतं. नाही निघालं तर तो बेशिस्तपणा, आणि नोकरी जाणार, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होतं.

ती त्या गटात असेल आणि मागे कुठेतरी बसेल, असं मी धरून चालले होते. ती पहिलीच उभी राहिली. ड्यूटीच्या कपड्यांत होती. तिने खाली बघत, पण स्पष्ट सांगितलं की ती सीटवर प्लास्टिक घालून बस चालवते. दोन स्टॉपच्या मध्ये कळ येते तेव्हा दात आवळून आकडे म्हणत राहते. आणि ज्या दिवशी बस थांबवली त्या दिवशी लघवीतून रक्त गेलं होतं. हे शेवटचं मला माहीत नव्हतं. तिने सांगितलं नव्हतं, कारण मी काय म्हणेन हे तिला पाठ होतं.

हेडबाई म्हणाल्या, हिचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, आता तुम्हीच सांगा. मोठ्या डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. कल्चर तुम्हीच करता ना, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, "रिपोर्ट बरोबर आहेत." इथपर्यंतही ठीक होतं. पण हेडबाईंनी शाळेतल्या आवाजात मला समजावलं की बाई, रिपोर्टच्या पलीकडे माणूस असतो, जरा तुमच्या बहिणीला तिथे ठेवून बघा. झालं. माझी सटकली.

"ती माझी बहीणच आहे," मी म्हणाले. "तिला मी जन्मापासून ओळखते. शाळेत परीक्षा जवळ आली की हिचं पोट दुखायचं."

कोणीतरी हसलं. फार नाही, पण हसलं. मोठ्या डॉक्टरांनी मान हलवून काहीतरी टिपून घेतलं. बारकी सावकाश खाली बसली आणि तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले. पुढे हेडबाई बोलत राहिल्या, दुसऱ्या दोघी बोलल्या, पण आमच्या बाजूच्यांचं ऐकणं संपलं होतं. मला तेव्हाच कळलं होतं की आपल्या जिभेने घात केलाय. कळूनही मी पाणी पीत बसले.

पुढची बातमी नवऱ्याने सांगितली. बारकी मला फोन करत नव्हती, पण भाऊजींना तिने केला. बडतर्फ का करू नये, म्हणून डेपोने तिला बोलावलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी डेपोत सांगितलं होतं की वैद्यकीय कारण दिसत नाही, सख्खी बहीण लॅबमध्ये आहे, तिचंही मत तेच आहे. नवरा सहसा माझ्याशी वाकड्यात शिरत नाही. त्या दिवशी त्याने ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "तू तिच्या पोटावर पाय दिलास."

मी तिच्या खोलीवर गेले. एवढ्या वर्षांत मी तिथे दाराशी उभी राहूनच परत फिरायची, एरवी तीच आमच्याकडे यायची. तिने दार उघडलं आणि काही न बोलता आत गेली. गादी पलंगावर नव्हती, बाथरूमच्या दाराला लागून जमिनीवर होती. मधलं टेबल भिंतीला खेटून ठेवलेलं, वाटेत काही आडवं येऊ नये म्हणून. उशीजवळ गरम पाण्याची पिशवी. बाथरूममध्ये स्टुलावर पुस्तकं आणि एक शाल. ती तिथे किती वेळ बसत असेल ते त्या शालीवरून कळत होतं. माफ कर म्हणायला आले होते आणि तोंडातून निघालं काय, तर आपण कल्चर परत करू.

"कशाला? बटण दाबायला?" ती म्हणाली.

बटणाची गोष्ट मीच तिला हसत हसत सांगितली होती कधीतरी. मी तिथेच गादीच्या कडेला बसले. मी भांडले नाही हे तिला नवीन असावं, कारण तीच म्हणाली की उद्या पहाटेची देते, पाणी न पिता. हेडबाई सगळ्यांना तसंच सांगतात. पाणी ढोसून दिलेल्या नमुन्यात काय दिसणार, ताई? तिने हे टोमणा म्हणून नाही, नुसतंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी डबी हातात आली तेव्हा मी आधी एक थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तिचं मी हे कधीच केलं नव्हतं. कागदावर कल्चर लिहून आलं की आम्ही कल्चर करतो, सांगितलंय तेवढंच. काचेखाली पू-पेशींचा नुसता खच होता. मी काच सरकवत गेले आणि जिथे जावं तिथे त्याच. अशी लघवी कोणा परक्या बाईची असती तर मी शेजारच्या टेबलावरच्या बाईला हाक मारून दाखवली असती. मी स्टूल ओढून खाली बसले. दोन बाटल्या पाणी माझ्याच हाताने पाजून मी हे दर वेळी धुऊन काढत होते.

प्लेटवर दुसऱ्या दिवशी एरवीपेक्षा कितीतरी जास्त उगवलं होतं. तरीही आकड्याच्या खाली, आणि दोन जातींचं. म्हणजे पद्धतीप्रमाणे कचरा. आणि सांगायला लाज वाटते, पण माझं बोट बटणाकडे गेलं. सवयीने गेलं. मी हात मागे घेतला आणि त्या दिवशी टाकायला काढलेल्या प्लेटांची चळत पुन्हा उजेडात धरून बघितली. बहुतेक खरंच रिकाम्या होत्या. काही नव्हत्या.

मॅडमकडे गेले. मॅडम काही दुष्ट बाई नाहीत, त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, प्रत्येक ठिपका लिहायला लागलो तर निम्म्या गावाला विनाकारण औषधं सुरू होतील, मग तीच औषधं उद्या कोणाला लागू पडणार नाहीत, त्याचं काय? तेही खरं होतं. मग म्हणाल्या, "आणि मीटिंगमध्ये तुम्हीच तर म्हणालात." डेपोत जायचं तर तुमच्या जबाबदारीवर जा, एवढं बोलून त्यांनी काखा वर केल्या.

मी गेले. डेपो मॅनेजरच्या खोलीत बारकी आणि हेडबाई एका बाजूला बसल्या होत्या, मोठे डॉक्टर समोर. मला बघून बारकीचा चेहरा असा आक्रसला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता आणखी काय सांगायला आली, असंच तिला वाटलं असणार. मी बसले नाही. उभ्यानेच सांगितलं की त्या दिवशी मी बोलले ते चूक होतं, आणि परीक्षेचं बोलले ते तर नीचपणाचं होतं. नमुने मीच पातळ करून घेत होते. प्लेटवर वाढ असायची आणि मी नाही लिहायची, कारण आमच्याकडे तशी पद्धत आहे. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, म्हणजे हिला इन्फेक्शन आहे? मी म्हणाले, आहे. कधीपासून? बहुतेक पहिल्यापासून, मी म्हणाले. ते म्हणाले, अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?

"मी सांगत होते," बारकी म्हणाली. तिच्याकडे कोणी बघितलं नाही. सगळे माझ्याकडेच बघत होते.

मॅनेजरच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. बेशिस्तीचा विषय त्याने तिथेच संपवला. नोकरी राहिली. मी सुटकेचा श्वास घेतला, तोवर तो पुढे बोलला. आजारी ड्रायव्हरच्या हातात मी भरलेली बस कशी देऊ? त्यांना पासच्या खिडकीवर बसवतो. इन्फेक्शन नाही असा रिपोर्ट आणा आणि दुसऱ्या दिवशी बस घेऊन जा. मोठ्या डॉक्टरांनी मान डोलावली. बारकी हसायला लागली. खांदे हलेपर्यंत हसली. असले रिपोर्ट तिच्याकडे पिशवीभर होते. त्या दोघांना काही कळेना, हेडबाईंनी तिचा हात धरला, आणि मी जमिनीकडे बघत राहिले.

बस म्हणजे तिला काय, हे ज्याने तिला चालवताना पाहिलंय त्यालाच कळेल. लहानपणी ड्रायव्हरमागची सीट मिळाली नाही तर ती पुढची बस येईपर्यंत थांबायची आणि मी चिडचिड करायची. मोठेपणी चाक हातात आलं आणि ही पोरगी उंच झाल्यासारखी दिसायला लागली. वळणावर मागचं चाक कुठून जाईल हे ती खुर्चीत बसून बोटांनी दाखवायची. आता ती काचेमागे बसून फोटो चिकटवत होती, शिक्के मारत होती. उठावं लागलं की रांग खवळायची, कारण बाथरूम आवाराच्या पार टोकाला. बसपेक्षा तिथे हाल जास्त. गटातल्या बायकांनी तिला दुसऱ्या हॉस्पिटलातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं, त्यांनी लांबलचक उपचार सुरू केले आणि सांगितलं की महिने लागतील, धीर धरा. फरक पडत होता, पण मुंगीच्या पावलाने. ती आमच्याकडे पुन्हा यायला लागली होती. माझ्याशी बोलायची, पण बँकेतल्या बाईशी बोलावं तसं.

मला ते सोसेना. एक दिवस ती आमच्या स्वयंपाकघरात बसली असताना मी पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या तिच्यापुढे ठेवल्या. म्हणाले, पी आणि उद्या लॅबमध्ये ये. नेहमीसारखं करते. परवा रिपोर्ट, तेरवा बस तुझी. कोणाच्या बापाला कळणार नाही. मला खरंच वाटत होतं की मी काहीतरी फेडतेय.

तिने बाटली उचलली. झाकण काढलं आणि घटाघट प्यायला लागली. अर्धी संपवली. मग बाटली खाली ठेवून तिने तोंड पुसलं आणि बराच वेळ त्या पाण्याकडे बघत बसली. तिला बस हवी होती, इतकी हवी होती की तिचा हात पुन्हा बाटलीकडे गेला. मला वाटलं पिईल. मला तेच हवं होतं, कारण मग माझी सुटका झाली असती.

"चालवताना तशीच कळ आली आणि पुढ्यात कोणी आलं तर?" ती म्हणाली. "आणि मला बस हवीये गं ताई. पण तुझ्या त्या वाक्यावर नको. त्या वाक्याने मला एवढी वर्षं खोटं पाडलंय."

पाणी तिने बेसिनमध्ये ओतून दिलं. उद्या नाही, परवा पहाटेची आणते, म्हणाली, आजचं पाणी अंगातून जाऊ दे. जे दिसेल ते लिही. आकडा गेला खड्ड्यात, जे दिसेल ते.

ती प्लेट मी उजेडात धरली. वाढ होती, पण आधीपेक्षा बरीच कमी. उपचार लागू पडत होते. पद्धतीप्रमाणे हा रिपोर्ट 'वाढ आढळली नाही' असाच जायला हवा होता. लबाडी करायची गरजच नव्हती. बटण दाबलं असतं तर मी नियमाने वागले असते, मॅडम खूश, डेपो खूश, आणि बारकी दुसऱ्या दिवशी चाकामागे. नियमानेच तिला बस मिळत होती. मी त्या खुर्चीत हात गाळून बसले. एवढी वर्षं नियम तिच्या विरुद्ध होता तेव्हा मला क्षणभरही प्रश्न पडला नव्हता.

मग मी हाताने टाइप केलं. काय उगवलं, किती उगवलं, आकड्याच्या खाली आहे हेही, पू-पेशी दिसल्या, लक्षणं असतील तर दुर्लक्ष करू नये. सही मॅडमची लागते. त्यांनी कागद दोनदा वाचला. "हे हिच्या एकटीच्याच रिपोर्टवर लिहिणार, की सगळ्यांच्या?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ज्यांचा त्रास जुना आहे अशा सगळ्यांच्या, आणि काचेखालीही बघणार. मग डॉक्टरांचे फोन तुम्ही घ्यायचे, असं म्हणून त्यांनी सही केली. त्या आठवड्यापासून फोन येतात. म्हणजे नेमकं काय, असं विचारतात. मी सांगते. हेडबाईंना कळवलं तेव्हा त्यांनी आभार मानले आणि लगेच विचारलं, आणि त्या डॉक्टरचं काय झालं, आठवड्यातून एकदा बसणार होता तो? तो अजून बसलेला नाही.

रिपोर्ट घेऊन मी डेपोत गेले आणि पासच्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आल्यावर कागद काचेखालून आत सरकवला. बारकीने तो उचलला. ती वाचत असताना मी तिच्याकडे बघू शकत नव्हते, कारण त्या कागदाने तिची बस पुन्हा लांब गेली होती आणि तो मीच लिहिला होता. बस लांबली गं, मी म्हणाले. ती हो म्हणाली. कागद अजून तिच्या हातातच होता. तिने त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं, पुन्हा वाचलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"आहे म्हणून लिहिलंयस," ती म्हणाली. "ताई, मी आजारी आहे असा कागद वाचून मला एवढा आनंद होतोय. याची तुला लाज वाटायला पाहिजे."

वाटते, मी म्हणाले. काचेतून तिला ऐकू गेलं की नाही माहीत नाही. मागचा माणूस फोटो हातात घेऊन पुढे सरकला होता, म्हणून मी बाजूला झाले.